बंद करण्याची शिस्त, सुरू होण्याची हमी

२८ फेब्रुवारी २०१७ रोजी अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री या साठवण-सेवेचे बिलिंग संथ चालले होते आणि त्याचा तपास सुरू होता. पॅसिफिक वेळेनुसार सकाळी ९:३७ वाजता एका अधिकृत कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीप्रमाणे एक आज्ञा दिली. मोजकेच सर्व्हर बाजूला काढायचे होते. पण आज्ञेतला एक तपशील चुकला आणि हवे होते त्याहून कितीतरी जास्त सर्व्हर निघून गेले. त्यांत सेवेचे दोन आधारच होते : कोणती वस्तू कुठे ठेवली आहे हे सांगणारी इंडेक्स यंत्रणा आणि नव्या वस्तूला जागा नेमून देणारी प्लेसमेंट यंत्रणा. दोन्ही पूर्णपणे रिस्टार्ट कराव्या लागल्या. प्लेसमेंट इंडेक्सवर अवलंबून असल्यामुळे आधी इंडेक्स उभी राहिली, मग प्लेसमेंट. सगळे सुरळीत व्हायला दुपारचे १:५४ वाजले. नंतर अ‍ॅमेझॉनने जाहीर केलेल्या निवेदनात कारण स्वच्छ सांगितले आहे : मोठ्या प्रदेशांमध्ये या यंत्रणा कित्येक वर्षांत पूर्णपणे रिस्टार्ट झालेल्याच नव्हत्या. त्या काळात सेवा प्रचंड वाढली होती, आणि सुरू होताना सगळ्या नोंदी शाबूत आहेत की नाहीत हे तपासायला अपेक्षेपेक्षा फार वेळ लागला.

आज्ञा चुकली ती क्षणात. पुढचे चार तास गेले ते पुन्हा उभे राहण्यात. आणि हे उभे राहण्याचे काम त्या आकारमानावर याआधी कोणी करून पाहिलेले नव्हते. हे पुस्तक त्याच कामाविषयी आहे : अनेक यंत्रांवर पसरलेला डेटाबेस सुरक्षितपणे थांबवणे आणि तितक्याच सुरक्षितपणे पुन्हा सुरू करणे.

डेटाबेसच्या अभ्यासात या विषयाला हक्काची जागा अजून मिळालेली नाही. पाठ्यपुस्तके क्वेरी, इंडेक्स, नॉर्मलायझेशन आणि ट्रॅन्झॅक्शन शिकवतात. प्रत्येक उत्पादनाच्या दस्तऐवजात ‘क्लस्टर बंद करणे’ या मथळ्याखाली चार-सहा आज्ञा दिलेल्या असतात. मात्र त्या आज्ञा त्याच क्रमाने का द्यायच्या, एखादी गाळली तर काय बिघडेल आणि मधेच वीज गेली तर काय करायचे, हे सांगणारा मजकूर विखुरलेला आहे : थोडा शोधनिबंधांत, थोडा अपघातांच्या अहवालांत आणि बराचसा रात्रपाळी केलेल्या डीबीए मंडळींच्या अनुभवात. तो एका ठिकाणी, एका सूत्रात ओवण्याचा हा प्रयत्न आहे.

ते सूत्र सुरुवातीलाच सांगतो. सुरू होणाऱ्या प्रत्येक डेटाबेसला आधी एकच प्रश्न सोडवावा लागतो : कोणाची नोंद खरी मानायची? एकाच यंत्रावर हा प्रश्न मेमरी आणि डिस्क यांच्यातला असतो. अनेक यंत्रांवर तो यंत्रायंत्रांतला होतो. आणि या प्रश्नाचे उत्तर सुरू होताना शोधायचे नसते, ते बंद होताना लिहून ठेवायचे असते. नीट बंद झालेली यंत्रणा पुढच्या सुरुवातीसाठी पुरावा मागे ठेवते. पुरावा नसेल, तर अंदाजावर डेटा पणाला लावावा लागतो.

मुळापासून सुरुवात करू. डेटाबेस लिहिण्याचे काम आधी मेमरीत करतो, कारण डिस्क हळू असते. त्यामुळे कोणत्याही क्षणी मेमरीतले चित्र डिस्कच्या पुढे असते. वीज गेली की मेमरी पुसली जाते. यावरचा उपाय सत्तरच्या दशकात आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत, सिस्टिम आर प्रकल्पाच्या अवतीभवती घडत गेला. जिम ग्रे यांनी १९७८ साली लिहिलेल्या टिपणांत राइट-अहेड लॉगिंगचा नियम स्पष्ट मांडलेला आढळतो : बदल मूळ पानावर लिहिण्याआधी त्याची नोंद लॉगमध्ये डिस्कवर पक्की झालीच पाहिजे. पेढीवर व्यवहार आधी रोजकीर्दीत उतरतो आणि खतावणी मागाहून होते, तसाच हा शिरस्ता. खतावणी अर्धी राहिली तरी रोजकीर्द शाबूत असेल तर सगळा हिशेब पुन्हा उभा करता येतो.

त्या विचाराला पूर्ण रूप आले ते १९९२ साली, एरिझ या नावाने प्रसिद्ध झालेल्या निबंधात. त्याचे पहिले लेखक सी. मोहन हे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, पुढे आयबीएमच्या अल्माडेन केंद्रातले संशोधक. एरिझनुसार सुरू होणारा डेटाबेस लॉग तीन फेऱ्यांत वाचतो. पहिल्या फेरीत कोसळण्याच्या क्षणी काय काय अर्धवट होते ते ठरवतो. दुसऱ्या फेरीत घडलेला इतिहास जसाच्या तसा पुन्हा घडवतो, अगदी नंतर रद्द होणार असलेल्या व्यवहारांसकट. तिसऱ्या फेरीत अपुरे व्यवहार मागे घेतो. आज वापरात असलेल्या बहुतेक मोठ्या डेटाबेसांच्या पुनरुज्जीवनामागे या विचाराची कमी-अधिक छाया आहे. ‘नीट बंद करणे’ याचा तांत्रिक अर्थही इथेच उलगडतो : बंद होण्याआधी चेकपॉइंट पूर्ण करून मेमरीतले सगळे बदल मूळ पानांवर उतरवायचे, म्हणजे पुढच्या वेळी लॉग उगाळावा लागणार नाही.

मग नीट बंद करावे की झटकन पाडावे? या प्रश्नावर दोन मते पडली, आणि दोन्ही आदराने समजून घेण्यासारखी आहेत. पहिले मत शिस्तीचे. ओरॅकलमध्ये बंद करण्याचे चार प्रकार आहेत : नॉर्मल, ट्रॅन्झॅक्शनल, इमिजिएट आणि अबॉर्ट. पहिल्यात सगळे वापरकर्ते स्वतःहून बाहेर पडेपर्यंत थांबायचे. शेवटच्यात कशाचीही वाट न पाहता थेट उठायचे आणि उरलेला हिशेब पुढच्या सुरुवातीवर सोपवायचा. पोस्टग्रेसमध्ये स्मार्ट, फास्ट आणि इमिजिएट असे तीन प्रकार आहेत. नावांची गल्लत होऊ देऊ नये : ओरॅकलचा इमिजिएट चेकपॉइंट करून शिस्तीत बंद होतो, पोस्टग्रेसचा इमिजिएट मात्र तसाच सोडून देतो आणि पुढच्या वेळी लॉग वाचावा लागतो. दोन्ही उत्पादने सांभाळणाऱ्या माणसाला हा फरक पाठ असावा लागतो.

दुसरे मत २००३ साली स्टॅनफर्डच्या जॉर्ज कँडिया आणि आर्मांडो फॉक्स यांनी ‘क्रॅश-ओन्ली’ या नावाने मांडले. त्यांचा युक्तिवाद असा : कोसळणे टाळता येणार नाही, मग कोसळल्यानंतर सावरण्याची वाट प्रत्येक यंत्रणेत असावीच लागते. ती असेल तर शिस्तीत बंद होण्याची वेगळी वाट कशासाठी ठेवायची? थांबवायचे तेव्हा पाडा, सुरू करायचे तेव्हा सावरा. एकच वाट असली की ती रोज वापरली जाते, आणि रोज वापरलेल्या वाटेतले खड्डे वेळेवर दिसतात. काही यंत्रणा शिस्तीने रीबूट होण्यापेक्षा कोसळून सावरण्याला कमी वेळ घेतात, हेही त्यांनी मोजून दाखवले.

या दोन मतांतला खरा तडजोडीचा बिंदू २०१८ साली पोस्टग्रेसच्या विकासकांसमोर आला. डिस्कवर लिहिल्याची खात्री करून देणारी एफसिंक ही आज्ञा लिनक्सवर एकदा अपयशी ठरली आणि पुन्हा दिली, तर दुसऱ्या वेळी ती यश कळवू शकते, प्रत्यक्षात मात्र डेटा लिहिलेला नसतो. यावर निघालेला उपाय विचार करायला लावणारा आहे : एफसिंक अपयशी ठरली की डेटाबेसने स्वतःला मुद्दाम पाडायचे आणि लॉगवरून सगळे पुन्हा उभे करायचे. मेमरीवरचा विश्वास उडाला की लॉगकडे परत जाणे हीच सुरक्षित वाट. म्हणून या पुस्तकाची भूमिका अशी : शिस्तीने बंद करणे हा वेळ वाचवणारा शहाणपणा आहे, आणि कोसळून सावरता येणे ही किमान पात्रता. पहिले दुसऱ्याची जागा घेऊ शकत नाही.

आता एकाऐवजी अनेक यंत्रे घ्या. पहिली अडचण टू-फेज कमिटमध्ये येते. व्यवहारात सामील असलेली सगळी यंत्रे आधी ‘तयार’ म्हणतात, मग समन्वयक अंतिम निर्णय कळवतो. ‘तयार’ म्हटल्यानंतर आणि निर्णय कळण्याआधी समन्वयकच गेला, तर बाकीची यंत्रे अधांतरी राहतात. त्यांना व्यवहार पूर्णही करता येत नाही आणि रद्दही करता येत नाही. धरलेली कुलुपे सुटत नाहीत. सहभागी यंत्र रिस्टार्ट करूनही हे सुटत नाही, कारण ‘तयार’ हा शब्द डिस्कवर लिहिलेला असतो आणि तो पाळावाच लागतो. म्हणून क्लस्टर थांबवण्याआधी असे लटकलेले व्यवहार आहेत का, हे पाहणे ही औपचारिकता समजू नये.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. पाच यंत्रांवर एकाच डेटाच्या प्रती आहेत आणि ती वेगवेगळ्या वेळी बंद झाली. उद्या सुरू करताना कोणाची प्रत ताजी? बार्बरा लिस्कोव्ह आणि ब्रायन ओकी यांची १९८८ सालची व्ह्यूस्टॅम्प्ड रेप्लिकेशन, लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९९० साली मांडलेली आणि १९९८ साली छापून आलेली पॅक्सॉस, आणि २०१४ साली डिएगो ओंगारो व जॉन ओस्टरहाउट यांनी समजायला सोपी म्हणून रचलेली राफ्ट, ही सगळी या प्रश्नाला बहुमताने उत्तर देतात. तीन नोडांपैकी, म्हणजे क्लस्टरमधल्या यंत्रांपैकी, दोन किंवा पाचांपैकी तीन यांच्याकडे नोंद पोहोचली की ती पक्की. कोणतीही दोन बहुमते घेतली तरी त्यांत किमान एक नोड सामाईक असतो, त्यामुळे पक्की झालेली नोंद पुढे मतांनी निवडल्या जाणाऱ्या नेत्याच्या नजरेतून सुटत नाही.

इथे सुरू होण्याविषयीचा एक बारीक नियम दडलेला आहे. राफ्टमध्ये प्रत्येक नोड तीन गोष्टी डिस्कवर ठेवतो : लॉग, सध्याचा कार्यकाळ (निवडणुकीच्या फेरीचा क्रमांक) आणि या कार्यकाळात आपण कोणाला मत दिले. मत कळवण्याआधी ते लिहिलेले असावे लागते. समजा, एका नोडाने मत दिले, तो कोसळला आणि मत विसरून परत आला. तो त्याच कार्यकाळात दुसऱ्या उमेदवारालाही मत देऊ शकेल, दोन नेते निवडून येऊ शकतील आणि सगळ्या हमीचा पायाच ढासळेल. यातून रोजच्या कामाचा एक कडक नियम निघतो : राफ्टवर चालणाऱ्या एटसीडीसारख्या क्लस्टरमध्ये एखाद्या नोडाची डेटा-डिरेक्टरी गेली, तर त्याला जुन्याच ओळखीने रिकाम्या हातांनी सुरू करू नये. आधी त्याला सदस्यत्वातून काढावे आणि मग नवा सदस्य म्हणून घ्यावे. विसरलेला जुना सदस्य हा नव्या सदस्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो.

कोणाची नोंद खरी, हा प्रश्न डोळ्यांनी पाहायचा असेल तर गॅलेरा क्लस्टरमधली ग्रास्टेट डॉट डॅट ही छोटीशी फाइल उघडावी. मायएसक्यूएल आणि मारियाडीबी यांच्यासाठीच्या या यंत्रणेत प्रत्येक नोडाच्या डेटा-डिरेक्टरीत ती असते आणि तिच्यात जेमतेम चार-पाच ओळी असतात. क्लस्टरची ओळख, शेवटच्या पक्क्या व्यवहाराचा क्रमांक आणि ‘सेफ टू बूटस्ट्रॅप’ ही एक किंवा शून्य अशी खूण. नोड चालू असताना क्रमांकाच्या जागी उणे एक असतो. नीट बंद झाला की खरा क्रमांक तिथे उतरतो. नोड एकामागून एक बंद केले तर सगळ्यांत शेवटी गेलेल्या नोडाच्या फाइलीत एक येतो, बाकीच्यांच्या फाइलीत शून्य राहतो. शेवटी गेलेल्यानेच आधी उठायचे, कारण इतर गेल्यानंतर झालेले व्यवहार फक्त त्याच्याकडे आहेत. दुसऱ्या एखाद्या नोडावरून क्लस्टर उभारायला गेलात, तर गॅलेरा नकार देते आणि कारणही सांगते : हा नोड शेवटी गेलेला नाही, याच्याकडे सगळे बदल नसतील.

सगळे नोड एकदम गेले तर? वीज गेली की हेच होते. सगळ्या फाइलींत उणे एक आणि सगळीकडे शून्य. अशा वेळी घाईने कोणत्याही एका फाइलीत शून्याचा एक करणे हा डेटा गमावण्याचा सर्वांत जवळचा रस्ता. योग्य वाट लांब आहे : प्रत्येक नोडावर लॉगमधून शेवटचा क्रमांक काढायचा, सगळे क्रमांक शेजारी मांडायचे, सर्वांत मोठा क्रमांक असलेला नोड निवडायचा आणि मग त्याच एका फाइलीत हाताने खूण करायची. बाकीचे नोड नेहमीप्रमाणे सुरू होऊन त्याला जोडले जातात आणि राहिलेले व्यवहार त्याच्याकडून घेतात. दहा मिनिटे जास्त लागतात. त्या दहा मिनिटांत ग्राहकांचे व्यवहार वाचतात.

बहुमताच्या पंथाबरोबरच दुसरा पंथ वाढला. अ‍ॅमेझॉनचा २००७ सालचा डायनॅमो निबंध आणि फेसबुकमध्ये अविनाश लक्ष्मण व प्रशांत मलिक यांनी रचलेली, २००८ साली खुली झालेली कॅसँड्रा ही त्याची ठळक नावे. एखादा नोड नसला तरी लिहिणे थांबू नये, प्रती मागाहून जुळवून घ्याव्यात, अशी इथली धारणा. त्यामुळे इथे एक नोड बंद करणे वरवर सोपे वाटते. ‘नोडटूल ड्रेन’ ही आज्ञा दिली की नोड नवे काम घेणे थांबवतो, मेमरीतला डेटा डिस्कवर उतरवतो आणि मग प्रक्रिया थांबवता येते. खरा धोका नोड किती काळ बंद राहतो यात आहे. त्याच्या गैरहजेरीत आलेले बदल इतर नोड जपून ठेवतात, पण मुळातल्या सेटिंगनुसार फक्त तीन तास. त्यापुढचे अंतर रिपेअर चालवून भरावे लागते. त्याहून गंभीर म्हणजे पुसलेल्या नोंदींच्या खुणा मुळातल्या सेटिंगनुसार १० दिवसांनी काढून टाकायला मोकळ्या होतात. त्याहून जास्त काळ बंद असलेला नोड तसाच परत आणला, तर त्याच्याकडच्या जुन्या नोंदी ‘नव्या’ म्हणून सगळीकडे पसरतात आणि पुसलेला डेटा जिवंत होतो. कोणतीही चूक पडद्यावर दिसत नाही. खाते बंद केलेला ग्राहक यादीत परत दिसू लागतो, इतकेच.

तिसरी अडचण थरांची. मोठी यंत्रणा एकसंध नसते. एचबेस ही डेटाबेस-यंत्रणा झूकीपर ही समन्वय-सेवा आणि एचडीएफएस ही फाइल-यंत्रणा यांच्यावर उभी असते. म्हणून खालचे आधी सुरू, वरचे आधी बंद. मोंगोडीबीच्या शार्ड केलेल्या क्लस्टरमध्ये बंद करताना आधी बॅलन्सर थांबवायचा, मग राउटर, मग शार्ड आणि शेवटी कॉन्फिग सर्व्हर. सुरू करताना नेमके उलटे. टायडीबी सुरू करताना आधी नकाशा सांभाळणारा पीडी, मग डेटा ठेवणारा टायकेव्ही, मग टायडीबी सर्व्हर. या क्रमांमागे एकच तत्त्व आहे : ज्याच्याकडे नकाशा आहे तो सर्वांत आधी जागा हवा आणि सर्वांत शेवटी झोपला पाहिजे. एचडीएफएसचा नेमनोड हे तत्त्व स्वतःच पाळतो. तो उठल्यावर लगेच लिहू देत नाही. सेफ मोडमध्ये थांबून डेटानोडांकडून आपापल्या ब्लॉकांची माहिती येऊ देतो आणि मुळातल्या सेटिंगनुसार ९९.९ टक्के ब्लॉकांचा ठावठिकाणा लागल्यावरच लिहिण्यासाठी दार उघडतो. ही वाट पाहणे कंटाळवाणे वाटते म्हणून सेफ मोड हाताने सोडवणारे बरेच असतात. हरवलेले ब्लॉक त्यानंतरही हरवलेलेच राहतात. फक्त ते हरवल्याचे उशिरा कळते.

गेल्या दहा वर्षांत यात ऑटोमेशनची भर पडली. क्लस्टर थांबवणारा हात आता बऱ्याचदा माणसाचा नसतो. कंटेनर चालवणारी कुबरनेटीस ही यंत्रणा एखादा पॉड, म्हणजे कंटेनरांचा गट, बंद करताना आधी सिगटर्म हा इशारा देते आणि मुळातल्या सेटिंगनुसार ३० सेकंद थांबते. तेवढ्यात प्रक्रिया संपली नाही तर सिगकिल, म्हणजे आपल्या रोजच्या भाषेतला किल मायनस नाइन. वेबसर्व्हरला ३० सेकंद पुष्कळ होतात. शेकडो जीबी मेमरीतले बदल डिस्कवर उतरवणाऱ्या डेटाबेसला ते पुरतीलच असे नाही. ही मुदत न वाढवता डेटाबेस कुबरनेटीसवर नेला, तर प्रत्येक साधा अपग्रेड हा प्रत्यक्षात अपघात ठरू शकतो. दुसरीकडे, डेटाबेसलाही नोड थोडा वेळ जातोय की कायमचा गेलाय हे ओळखावे लागते. कॉक्रोचडीबी मुळात पाच मिनिटे वाट पाहून मगच नोड मेल्याचे धरते, इलॅस्टिकसर्च शार्ड हलवण्याआधी एक मिनिट थांबते. पॅच लावायला त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर आधीच सांगून ठेवावे लागते, नाहीतर नोड परत येईपर्यंत सगळे क्लस्टर अब्जावधी नोंदी इकडून तिकडे वाहून नेण्यात दमून जाते.

सुरू झालेला डेटाबेस लगेच पूर्ण भार पेलतो, हाही एक महागडा समज आहे. नुकताच उठलेला नोड रिकाम्या कॅशेने उठतो. जी विचारणा एरवी मेमरीतून सुटते ती प्रत्येक वेळी डिस्कपर्यंत जाते. त्यातच मधल्या काळात अडकलेले सगळे वापरकर्ते एकाच वेळी पुन्हा प्रयत्न करतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये रोब्लॉक्स ही खेळांची सेवा ७३ तास बंद होती. मूळ बिघाड सापडल्यावरही दार एकदम उघडले गेले नाही. कॅशे नव्याने उभी केली, मग खेळाडूंना साधारण दहा-दहा टक्क्यांनी आत घेतले आणि प्रत्येक टप्प्यावर डेटाबेसवरचा भार पाहून पुढचे पाऊल टाकले. त्याच महिन्याच्या ४ तारखेला फेसबुक काही तास बंद पडले होते. ते परत आणताना विजेचाही विचार करावा लागला, कारण एकेका डेटा सेंटरचा वीजवापर कित्येक मेगावॉटनी खाली आला होता आणि तो एकदम वर नेला तर विद्युत यंत्रणेपासून कॅशेपर्यंत सगळ्यालाच धोका होता. त्यांना वाचवले ते आधी केलेल्या सरावांनी; पूर्ण डेटा सेंटर किंवा पूर्ण प्रदेश बंद करून पाहण्याच्या कवायती ते आधीपासून करत होते.

सराव हा शब्द आला, तिथेच या विषयाचे आजचे महत्त्व आहे. आपल्याकडे २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात १,००० कोटींहून जास्त व्यवहार झाले. चहाच्या टपरीपासून रुग्णालयाच्या काउंटरपर्यंत प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या विखुरलेल्या डेटाबेसवर अवलंबून आहे. ‘रात्री दोन ते चार सेवा बंद’ असे म्हणण्याची मुभा आटत चालली आहे. वीज मात्र कधीही जाऊ शकते : १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी ग्रिडमधल्या बिघाडाने मुंबई महानगर प्रदेशाचा मोठा भाग अंधारात गेला होता. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअर बाजाराचे कामकाज सकाळी ११:४० ला थांबले आणि दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. त्यानंतरच्या काळात बाजारांच्या तयारीवर लक्ष वाढले, आणि २ मार्च २०२४ च्या शनिवारी एक विशेष सत्र झाले : सकाळचे व्यवहार मुख्य केंद्रावरून आणि नंतरचे आपत्कालीन केंद्रावरून, तेही खऱ्या पैशांचे. कागदावरची योजना आणि खऱ्या भारावर केलेला बदल यांत किती अंतर असते हे ज्याने कधी डीआर ड्रिल, म्हणजे आपत्कालीन केंद्रावर जाण्याचा सराव, केला आहे तो जाणतो. म्हणून असे सत्र सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांना आधी सांगून, ठरवून होते हे मला फार मोलाचे वाटते. शेअर बाजार ते करू शकतो, तर जिल्हा सहकारी बँक आणि महापालिकेचा करविभागही करू शकतो.

तपासणीची साधनेही आता हाताशी आहेत. काइल किंग्जबरी यांनी २०१३ पासून जेपसेन या साधनाने एकेका डेटाबेसचे नोड मुद्दाम पाडून, जाळे तोडून, त्यांचे दावे पडताळले, आणि अनेक नामांकित उत्पादनांना आपल्या हमीची भाषा बदलावी लागली. नेटफ्लिक्सच्या केऑस मंकी या साधनाने चालू यंत्रणेतले सर्व्हर कामाच्या वेळेत बंद करण्याची प्रथा रुजवली. फाउंडेशनडीबीच्या निर्मात्यांनी तर सगळे क्लस्टर एका संगणकात नाटकासारखे उभे करून हजारो वेळा कोसळवण्याची पद्धत बसवली. या तिन्ही परंपरांचा गाभा एकच : थांबणे आणि उठणे हे डेटाबेसचे नेहमीचे काम आहे, म्हणून त्याची परीक्षा नेहमी व्हावी.

या पुस्तकात काय आहे आणि काय नाही, हे आता सांगतो. हे कोणत्याही एका उत्पादनाचे मार्गदर्शक नाही. आज्ञा आवृत्तीगणिक बदलतात. इथे भर त्यांच्यामागच्या कारणांवर आहे, म्हणजे नव्या उत्पादनासमोर बसल्यावर वाचकाला योग्य प्रश्न स्वतः विचारता यावेत. शेवटी कोण बंद झाले आणि ते कुठे लिहिले आहे? बहुमत कशाला म्हणायचे? नोड किती काळ बाहेर राहिला तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा नाही? नकाशा कोणाकडे आहे? पहिल्या वापरकर्त्याला कधी आत घ्यायचे? हे पाच प्रश्न पुस्तकभर निरनिराळ्या यंत्रणांना विचारले आहेत, आणि उत्तरांतले फरक जिथे आहेत तिथे ते लपवलेले नाहीत. बॅकअप हा स्वतंत्र आणि मोठा विषय आहे. त्याला इथे लागेल तेवढाच स्पर्श केला आहे. तरीही एक आग्रह सगळीकडे आहे : क्लस्टर पूर्ण थांबवण्याआधी आजचा बॅकअप घेतलेला असावा आणि तो परत लावून पाहिलेला असावा.

वाचक म्हणून माझ्या नजरेसमोर तो माणूस आहे, ज्याच्याकडे मोठी टीम नाही. नागपूर, कोल्हापूर किंवा पणजीत बसून दोन-तीन क्लस्टर एकट्याने सांभाळणारा, रात्री अकराला फोन आला की लॅपटॉप उघडणारा. त्याच्याकडे इंग्रजी दस्तऐवज आहेत, वेळ नाही. भाषा त्याच्या रोजच्या वापरातली ठेवली आहे. नोड, क्लस्टर, चेकपॉइंट हे शब्द आहेत तसेच आहेत, कारण फोनवर तो याच शब्दांत बोलतो. विद्यार्थ्यांनीही हे पुस्तक वाचावे. कमिट झालेली नोंद टिकते असे वर्गात शिकवले जाते. ती टिकवण्यासाठी काय काय करावे लागते ते इथे दिसेल.

आणि एक विनंती. पुस्तक वाचून बाजूला ठेवू नका. तुमच्या क्लस्टरची एक चाचणी-प्रत उभी करा, तिच्यात खऱ्या आकारमानाच्या जवळ जाईल इतका डेटा भरा. एकदा ती शिस्तीने पूर्ण बंद करा आणि सुरू करा. मग एकदा सगळ्या नोडांची वीज एकदम काढा आणि सुरू करा. दोन्ही वेळा किती मिनिटे लागली, कोणती आज्ञा अडली, कोणती फाइल पाहावी लागली, हे सगळे तुमच्या रनबुकमध्ये तारखेनिशी लिहा आणि दर तिमाहीला ते ताजे करा. डेटा वाढत जातो तसे हे आकडे बदलतात, आणि जुना आकडा खोटा दिलासा देतो. ज्या टीमला स्वतःचा डेटाबेस ठरवून थांबवता येतो, तीच टीम तो अवचित थांबल्यावर शांतपणे उभा करते. ती क्षमता सरावाने येते, आणि सरावाची सुरुवात पुढच्या पानापासून करता येईल.